लाडवाची क्लिप आणि आपली उत्तम क्षमा



आज पाककृती नाही, पाठशाळेचा विषयही नाही. आज मी रागावून लिहिते आहे. क्षमावणी होऊन तीन आठवडे झाले. म्हटलं थांबावं, राग निवळला की लिहावं. तो काही निवळला नाही, तेव्हा आता लिहूनच मोकळी होते.

दशलक्षण पर्वात, नेमक्या उत्तम संयमाच्या दिवशी, दुपारी आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांचा, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्याचा. स्वयंपाकाच्या मावशी ओट्यापाशी उभ्या आहेत. इकडेतिकडे बघतात, वरच्या फळीवरचा डबा काढतात, एक लाडू उभ्याउभ्या खातात, दुसरा पदराच्या टोकाला बांधतात आणि डबा होता तिथे ठेवतात. खाली लिहिलेलं, 'रंगेहाथ सापडली!!' आणि पुढे हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारे ते पिवळे चेहरे, आठ की दहा.

लाडू पारण्यासाठी केलेले होते म्हणे.

त्यानंतर अर्ध्या तासात ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते अजून तसंच आहे, कुणीही वर जाऊन वाचावं. कॅमेरा कुठला गं? आवाज येतो का? केवढ्याला पडला? अंधारात दिसतं का? आणि मग एकीनं लिहिलं, 'अगं, आमच्याकडे पण हीच येते!' या एका वाक्यानं घात केला. आठवड्याच्या आत त्या बाईची चारपैकी तीन घरं सुटली. चौथं टिकलं, कारण त्या आजी ग्रुपवर नाहीत, त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे.

क्षमावणीला त्याच ग्रुपवर, त्या व्हिडिओच्या खालीच, आपण सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. जाणते-अजाणतेपणी मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. सव्वाशे बायकांनी सव्वाशे बायकांची क्षमा मागितली. जिचं मन खरंच दुखावलं होतं ती त्यात नव्हती. तिला फोन करावा असं एकीलाही सुचलं नाही. मलाही नाही. मी तो व्हिडिओ पूर्ण पाहिला होता, खरं सांगायचं तर दोनदा पाहिला होता, आणि एक अक्षर लिहिलं नव्हतं. तेव्हा हा लेख वाचताना 'ही मोठी शहाणी आली' असं कुणी म्हणू नये. मी त्याच पंगतीत बसलेली आहे.

पंगतीत म्हणजे कशी, तेही सांगते. माझ्याकडेही स्वयंपाकघरात कॅमेरा होता.

दोन वर्षांपूर्वी यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलगा पुण्याहून आला आणि जाताना दोन कॅमेरे लावून गेला. एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात. 'आई, तुम्ही दोघंच असता, मला तिकडून दिसत राहील.' हेतू चांगलाच होता. अडीच हजाराला एक. आमच्या भांडी-फरशीच्या मावशींना मी महिन्याला बाराशे देते, म्हणजे त्यांच्या दोन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त पैसे त्यांच्या डोक्यावर टांगले होते. हा हिशेब तेव्हा मनात आला नाही. बी.कॉम. असून.

सुरुवातीला मुलगा बघायचा. मग मी बघायला लागले. मंदिरातून निघाले की बघ, भाजी घेताना बघ, लग्नाच्या हॉलमध्ये बसल्याबसल्या बघ. काही शोधायचं नसायचं, पण हात आपोआप फोनकडे जायचा. मावशी आल्या का, किती वाजता आल्या, भांडी घासताना नळ किती मोठा सोडलाय. एकदा नांदणीला गेले होते. सभामंडपात बसले होते, आणि मुखी णमोकार चालू असताना डोळे फोनमधल्या माझ्या स्वयंपाकघरात होते. ते चित्र आठवलं की आजही मला शरम वाटते.

आणि मग एका दुपारी दिसलं की मावशी फरशीवर बसल्यात, पाठ फ्रिजला टेकलेली, फोन कानाशी, आणि रडतायत. माझ्या पोटात कालवलं. त्या कॅमेऱ्यात बोलायचीही सोय आहे. मी बटण दाबून म्हटलं, 'मावशी, काय झालं?'

मैत्रिणींनो, ती बाई दचकून उभी राहिली. हातातला फोन पडला. आधी दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग भिंतीकडे. माझा आवाज भिंतीतून येत होता. कॅमेरा आहे हे त्यांना माहीत होतं, पण तो बोलतो आणि ऐकतो हे मी कधी सांगितलंच नव्हतं. का सांगितलं नव्हतं? लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं. सांगण्याजोगं काही आहे असंच वाटलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, 'काही नाही ताई' म्हणाल्या आणि भांडी घासायला लागल्या. त्या दिवसानंतर त्या माझ्या स्वयंपाकघरात कधी बसल्या नाहीत. चहा दिला की कप घेऊन मागच्या दारी, पाण्याच्या टाकीपाशी जायच्या आणि उभ्यानं प्यायच्या. मी माया म्हणून विचारलं होतं, आणि त्यांची बसायची जागा गेली.

एवढं होऊनही मी कॅमेरा काढला नाही. तो काढला सुनेच्या एका वाक्यामुळे.

सूनबाई पुण्याला एका आयटी कंपनीत आहे, निम्मा आठवडा घरून काम करते. कंपनीनं दिलेल्या लॅपटॉपवर असं काहीतरी घातलंय की दर थोड्या वेळानं पडद्याचा फोटो आपोआप निघतो, कीबोर्डवर किती वेळा बोटं पडली ते मोजलं जातं, आणि काही मिनिटं माउस हलला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. एक दिवस बाळाला बाथरूममध्ये नेलं तेवढ्यात ठिपका पिवळा झाला आणि साहेबांचा निरोप आला, 'जागेवर आहात ना?' रात्री फोनवर सांगताना तिचा गळा दाटला होता. मी भडकले. म्हटलं, काम झालंय की नाही ते बघा म्हणावं, बाई बाथरूमला गेली ते कशाला बघता! माणूस आहे की मशीन! ती सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, 'आई, तुम्हीही मावशींचं तेच करता ना.'

सासू म्हणून पहिले दोन मिनिटं मला राग आला. मग उत्तर शोधायला लागले, आणि सापडलं नाही.

उत्तर सापडत नाही याचं कारण असं की 'आपलं घर' आणि 'ऑफिस' यांत आपण मनानं एक भिंत घातलेली आहे. सुनेचं ते ऑफिस, तिथे तिचे हक्क. आपलं ते घर, तिथे आपली मर्जी. पण आपलं घर मावशींचं ऑफिसच आहे हो. हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे, त्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहतं घरही येतं आणि घरकाम करणारी बाईही येते. आपल्या महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. म्हणजे त्या कामगार आणि आपण मालक. 'घरच्यासारख्या' हा शब्द आपण सणाला साडी देताना वापरतो, पगार वाढवायच्या वेळी विसरतो.

24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. पुट्टस्वामी यांचा खटला. पेपरात पहिल्या पानावर होता, आपण सगळ्यांनी वाचला असेल. 2023 मध्ये लोकांची माहिती कुणी कशी गोळा करायची याचा डिजिटल कायदाही आला. त्यात नोकरीच्या कामासाठी, आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, नोकराची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायची सूट मालकाला ठेवलेली आहे. सुनेच्या साहेबांची सोय तिथे झाली. आपली सोय तर त्याहून मोठी आहे. एखाद्या व्यक्तीनं स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर तो कायदा तिला लागूच होत नाही. सुनेला निदान एच.आर.कडे तक्रार करता येते, ईमेल लिहिता येते. मावशींसाठी एच.आर.ही आपणच आणि साहेबही आपणच. कायदा दारातच थांबला, म्हणजे आत आता फक्त आपल्या विवेकाचं राज्य. तर बघू या त्या विवेकाचं काय झालं.

एका बाबतीत मात्र कायदा दाराशी थांबत नाही, ते आधी ऐका. ज्या खोलीत आया किंवा कामवाली कपडे बदलते, तिथल्या कॅमेऱ्यात ते टिपलं गेलं तर तो गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेत या कलमात 'पुरुष' असा शब्द होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम 77 मध्ये 'जो कोणी' असं आहे. म्हणजे आपणही आलो. पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद. बाळाच्या खोलीत कॅमेरा लावून आयाला त्याच खोलीत साडी बदलायला सांगणाऱ्या दोन घरांची नावं मी आत्ता सांगू शकते. सांगणार नाही, कारण तोच तर या लेखाचा विषय आहे.

आता धर्माचं. तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण पर्वात दरवर्षी ऐकतो. पंडितजी अतिचार सांगत असतात आणि आपण घड्याळ बघत असतो. सत्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत, त्यातला एक रहोभ्याख्यान. एकांतात कुणी काय केलं ते चारचौघांत उघड करणं. आणि दुसरा साकारमंत्रभेद. समोरच्याच्या हावभावावरून, चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ताडायचं आणि ते बाहेर फोडायचं. मला सांगा, कॅमेऱ्याची क्लिप आणि तिच्याखालचं 'रंगेहाथ सापडली' यापेक्षा या दोन शब्दांचं नेमकं उदाहरण कुठलं? शेकडो वर्षांपूर्वी, ना वीज ना तार, तेव्हा आपल्या आचार्यांनी हे लिहून ठेवलं. श्वेतांबर मैत्रिणींनी अठरा पापस्थानकं आठवावीत, पैशुन्य आणि परपरिवाद त्यात आहेतच. आणि लक्षात घ्या, हे सत्यव्रताचे दोष आहेत. क्लिप खरी होती, खोटं काहीच नव्हतं, हा बचाव इथे चालत नाही. खरी गोष्ट उघडी पाडण्याचाच हा दोष आहे.

'पण तिनं चोरी केली ना?' केली. मी नाकारत नाही. न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान, मग तो लाडू असो की पाटल्या. पण त्या बाईनं सकाळी सहापासून तीन घरचा स्वयंपाक केला होता आणि दुपारी दोनपर्यंत पोटात काही नव्हतं, हे त्याच चौथ्या घरच्या आजींकडून मला कळलं. अहिंसा अणुव्रताच्याही पाच अतिचारांत अतिभारारोपण आहे, अन्नपाननिरोध आहे. जादा ओझं लादणं आणि खाणंपिणं वेळेवर मिळू न देणं. ते गाईबैलांपुरतंच आहे असं आपण समजून चाललोय. आपल्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला 'आधी दोन घास खाऊन घ्या' म्हणणाऱ्या किती जणी आहेत? त्या घरात ते कुणी म्हणालं असतं तर पदराला गाठ पडलीच नसती, असं मी छातीठोक सांगत नाही. पण विचारून बघायला काय हरकत होती?

जिनेंद्रभक्त शेठजींची गोष्ट पाठशाळेत मुलांना आपणच शिकवतो. उपगूहन अंगासाठी त्यांचंच नाव घेतात. शेठजींच्या महालातल्या जिनमंदिरात छत्राला अनमोल वैडूर्य रत्न होतं. एक चोर क्षुल्लकाचा वेष घेऊन त्यांच्याकडे राहिला आणि एका रात्री रत्न घेऊन निघाला. पहारेकऱ्यांनी पाठलाग केला. शेठजींनी सगळ्यांसमोर सांगितलं की रत्न मीच आणायला सांगितलं होतं. पहारेकरी गेल्यावर एकांतात त्याची कानउघाडणी केली आणि त्याला घालवून दिलं. आता पंडितजी म्हणतील, ते धर्माची निंदा होऊ नये म्हणून होतं, व्रतीच्या वेषाची अब्रू राखायला होतं, कामवालीला कुठे लावता? मान्य. तरी शेठजींनी काय काय केलं ते नीट बघा. रत्न परत घेतलं. चोराला घरात ठेवलं नाही. म्हणजे भाबडेपणा नव्हताच. फक्त तमाशा केला नाही. दोष थांबवणं आणि दोषाचा बाजार मांडणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आपण लाडवाचं रत्न केलं आणि बाजार मांडला.

सगळ्यात जास्त मला ऐकायला मिळतो तो मुद्दा सोवळ्याचा. 'ताई, तुमचं ठीक आहे, आमच्याकडे चौका लागतो. पाणी गाळलं की नाही, गाळणं उलटं तर धरलं नाही, कांदालसणाचा हात लावला नाही, कसं कळणार?' मीही कंदमूळ खात नाही, रात्रीचं जेवत नाही, माझंही पाणी गाळूनच असतं. म्हणून अधिकारानं सांगते. व्रत तुमचं आहे, त्या बाईचं नाही. तिनं भिंतीवरच्या डोळ्याच्या भीतीनं पाणी गाळलं तर त्यात ना तिची श्रद्धा, ना तुमचे कष्ट. माझ्या सासूबाई नव्या बाईला पहिले पंधरा दिवस शेजारी उभं राहून शिकवायच्या. गाळणं दुहेरी का, जिवाणी परत कुठे सोडायची, आणि का सोडायची. बाई हसायची आधी, म्हणायची, 'एवढ्याशा किड्यासाठी?' पंधरा दिवसांनी तीच मला ओरडायची, 'वैनी, गाळणं झटकू नका.' आणि मुनिमहाराजांच्या आहाराचा चौका तर स्वतःच्या हातानं लावायचा असतो. तो दुसऱ्याच्या हातानं लावून कॅमेऱ्यानं तपासायचा म्हणजे काय, हे मला खरंच समजलेलं नाही.

तान्ह्या बाळांच्या आयांचं वेगळं आहे. जे बोलू शकत नाही, मार खाल्ला तरी सांगू शकत नाही, त्याच्यासाठी आईनं कॅमेरा लावला तर मी तिला नावं ठेवणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांसाठीही नाही. पण आयाला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगा. कुठे आहे, आवाज येतो का, कोण कोण बघतं, किती दिवसांचं साठतं. आणि कपडे बदलायला, डबा खायला, घटकाभर पाठ टेकायला एक कोपरा असा द्या जिथे कुणी बघत नाही.

युरोपातल्या कोर्टांनीही थोड्याफार फरकानं हेच म्हटलंय. सुनेनं मला दोन निकाल वाचून दाखवले. रोमानियातल्या एका माणसाला कंपनीनं काढलं. ऑफिसच्या मेसेंजरवर भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलला म्हणून. कंपनीनं ते निरोप शब्द न् शब्द काढून घेतले होते. 2017 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. नजर ठेवणार, आणि इतक्या खोलवर ठेवणार, हे त्याला आधी सांगितलेलं नव्हतं. पण 2019 मध्ये त्याच न्यायालयानं स्पेनमधल्या एका सुपरमार्केटच्या खटल्यात मालकाच्या बाजूनं निकाल दिला, आणि तिथे तर कॅमेरे लपवलेले होते! का? माल मोठ्या प्रमाणावर गायब होत होता, संशयाला ठोस कारण होतं, लपवलेले कॅमेरे फक्त गल्ल्यांवर रोखलेले होते, दहाच दिवस होते, आणि ते मोजक्या लोकांनी पाहिलं. आता आपल्या ग्रुपवरची क्लिप या मापानं मोजा. संशयाचं कारण काय होतं? किती दिवस? पाहिलं किती जणांनी?

आमच्या कॉलेजात बी.कॉम.ला ऑडिटिंग शिकवताना 1896 चा इंग्लंडमधला किंग्स्टन कॉटन मिलचा खटला हटकून असायचा. परीक्षेत दरवर्षी. ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, वास काढत माग घेणारा शिकारी कुत्रा नाही, असं त्यातल्या न्यायाधीशांचं मत. म्हणजे सरळ दिसलं तर भुंका, पण समोरचा चोरच आहे असं धरून हुंगत फिरू नका. माझ्या मामंजींनी बी.कॉम. केलं नव्हतं, मॅट्रिकही नव्हते, पण कापडाची पेढी त्यांनी याच तत्त्वावर चालवली. तीन नोकर होते. गल्ला रात्री दोघांनी मिळून मोजायचा, कापणारा वेगळा, पैसे घेणारा वेगळा, ठाणाच्या टोकाला मीटरची चिठ्ठी. पुस्तकात याला 'इंटर्नल चेक' म्हणतात. व्यवस्था अशी लावायची की मोह पडायला जागाच कमी, आणि संशय कुणा एकावर येणार नाही. कुणाच्या मानेवर बसायची गरज नव्हती. आज दुकानात गल्ल्यावर कॅमेरा आहे, त्याला माझा विरोध नाही, बाहेर तशी पाटी आहे. नोकरांच्या जेवायच्या जागेवर मात्र नाही. 'तिथे काय बघायचंय? त्यांची भाजी?' असं हे म्हणाले, आणि विषय संपला.

घरात इंटर्नल चेक म्हणजे काय? पाटल्या, रोकड, कागद कपाटात आणि किल्ली आपल्याकडे. उघडं टाकून मग कॅमेऱ्यात बघत बसणं म्हणजे गळ टाकून बसणंच आहे, आणि आपल्याला तर मासेमारी वर्ज्य! सांडलं-फुटलं तर पगारातून कापणार नाही असं आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे लपवालपवी होत नाही. आणि ताटात वाढून द्यायचं. काही घडलंच तर तिला आत बोलावून, दार लावून विचारायचं. नको असेल तर महिन्याचा पगार हातात देऊन मोकळं करायचं. ग्रुपवर कशाला?

ज्यांनी तो व्हिडिओ टाकला त्यांना मी फोन केला होता. त्यांनी तो काढायचा प्रयत्न केला, पण वेळ निघून गेली होती, सगळ्यांकडून पुसला जात नाही म्हणे. तेव्हा ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये तो आहे त्यांनी तो आज पुसावा, ही माझी हात जोडून विनंती. आणि ज्या तीन घरांनी त्यांना काढलं, त्यांपैकी एका घरात अजून बाई मिळालेली नाही असं कानावर आलंय. त्यांचा नंबर आजींकडे आहे.

माझ्या स्वयंपाकघरातला कॅमेरा मागच्या रविवारी मुलानं काढला. टाइलवर चिकटपट्टीचा चौकोनी डाग राहिलाय, घासून जात नाही. सोमवारी मावशी आल्या, डागाकडे बघितलं, म्हणाल्या, 'बिघडला का?' म्हटलं, 'नाही, काढला.' मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्या केरसुणी हातात घेऊन जरा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, 'ताई, उद्या काय सापडलं नाही तर? तवर माझ्यावर आलं तर?'

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दोन वर्षांत त्या यंत्रानं माझ्याआधी त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायची सोय केली होती, आणि मी त्यांना न विचारता लावलं तसंच न विचारता काढलं.

मग आम्ही दोघी बसलो. त्या फरशीवर, मी खुर्चीवर, मग मीही खाली. त्यांचं म्हणणं, हॉलमधला राहू द्या, पण कपाटाकडे तोंड करून. आवाज नको. आणि बघायचं तर दोघींनी मिळून बघायचं, एकटीनं नाही. संध्याकाळी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो तिकडून विचारत होता, 'आई, अँगल बरोबर आहे का?' आणि मावशी केरसुणीच्या दांड्यानं दाखवत होत्या, 'अजून थोडं डावीकडं. हां, बास.'